ताऱ्यांची नोंदवही आणि आपले स्वत्व

(विज्ञानविषयक अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



२०१९ च्या अखेरीस मृगाच्या आकृतीतील काक्षी हा तांबूस तारा मंदावू लागला. २०२० च्या फेब्रुवारीत त्याचे तेज नेहमीच्या सुमारे एक-तृतीयांशावर आले. आता हा तारा फुटणार, अशा बातम्या झळकल्या. तारा फुटला नाही. त्याने बाहेर टाकलेल्या द्रव्यातून धुळीचा पडदा तयार झाला होता, असा पुढे उलगडा झाला आणि काक्षी पूर्ववत झळकू लागला. ज्यांचे तेज असे कमी-अधिक होते, त्यांना आपण रूपविकारी तारे म्हणतो. आज या ताऱ्यांविषयी थोडे आणि त्यांच्याकडे रात्रीमागून रात्री पाहत बसलेल्या माणसांविषयी अधिक बोलणार आहे.

तारे अविकारी आहेत, आकाशात बदल संभवत नाही, ही ॲरिस्टॉटलची शिकवण युरोपने शतकानुशतके प्रमाण मानली. १५९६ मध्ये फाब्रिसियस या धर्मोपदेशकाला तिमिंगल तारकासमूहातील एक तारा काही आठवड्यांत दिसेनासा झाल्याचे आढळले. तोच तारा सुमारे अकरा महिन्यांच्या आवर्तनाने पुन:पुन्हा प्रकट होतो, हे समजायला १६३८ साल उजाडावे लागले. पुढे १७८३ मध्ये जॉन गुडरिक या तरुणाने ययाती समूहातील अल्गोल ताऱ्याचा आवर्तनकाल काढला. मंद जोडीदार तेजस्वी ताऱ्यासमोरून जात असावा, ही शक्यताही त्याने मांडली. गुडरिकला ऐकू येत नव्हते आणि वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी तो निवर्तला. वृषपर्वा समूहातील ज्या ताऱ्याचे विकार त्याने नोंदले, त्या जातीच्या ताऱ्यांतील तेज आणि आवर्तन यांचा संबंध हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये सिद्ध केला. त्याच मोजपट्टीने हबल यांनी देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे दाखवून दिले.

या इतिहासात आपण कोठे आहोत? या प्रश्नाची दोन उत्तरे सर्रास ऐकू येतात. आमच्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते, हे एक. आणि आमच्याकडे काहीच नव्हते, सारे इंग्रजांनी आणले, हे दुसरे. दोन्ही उत्तरे देणाऱ्यांची एक सोय होते. त्यांना पाहण्याचे श्रम करावे लागत नाहीत.

१०५४ साली वृषभ राशीत एक तारा इतका उजळला की, तो काही दिवस भरदुपारीही दिसत होता. चीनच्या दरबारी ज्योतिषांनी त्याची तारीखवार नोंद ठेवली. आपल्याकडील तशी नि:संदिग्ध, सर्वमान्य नोंद अद्याप उपलब्ध झालेली नाही. आपल्यातील काही उत्साही मंडळींना हे सांगितलेले रुचत नाही. परंतु न सापडलेल्या नोंदीवर अभिमान उभारण्याची आपल्याला गरजच काय? केरळातील परमेश्वर या आचार्यांनी सुमारे पंचावन्न वर्षे ग्रहणांचे वेध घेतले आणि १४३१ मध्ये 'दृग्गणित' रचले. गणिताचा आकाशाशी मेळ बसत नसेल, तर दुरुस्ती गणितात करायची, ही त्यांची भूमिका होती. आपल्या कोकणातील नांदगावच्या केशव दैवज्ञांनीही प्रत्यक्ष वेधांवरून ग्रंथांतील अंतरे टिपली आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी १५२० मध्ये 'ग्रहलाघव' सिद्ध केले. दृक्प्रत्यय हा शब्द आपलाच आहे, तो आपण कोणाकडून उसना घेतलेला नाही.

या परंपरेचा धागा मद्रासच्या वेधशाळेत एका साहाय्यकाच्या हाती आलेला दिसतो. चिंतामणी रघुनाथाचारी हे त्यांचे नाव. वेधशाळा इंग्रजांची, प्रमुख नॉर्मन पॉगसन. ताऱ्यांच्या तेजाच्या प्रती ज्या प्रमाणाने आज जगभर मोजतात, ते प्रमाण १८५६ मध्ये सुचविणारे हेच पॉगसन. आचारींचे नित्याचे काम म्हणजे दुर्बिणीतून एकेका ताऱ्याचे स्थान व तेज टिपणे. हजारो तारे, हजारो रात्री. अशा कामात एखाद्या ताऱ्याची आजची नोंद जुन्या नोंदीशी जुळली नाही, तर सामान्य माणूस आपली चूक झाली असे समजून पुढे जातो. आपल्या नोंदीवर विश्वास असलेला निरीक्षक त्या ताऱ्याकडे पुन्हा वळतो. १८६७ मध्ये आचारींनी 'आर रेटिक्युली' हा तारा रूपविकारी असल्याचे शोधून काढले. हा तारा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्याचे आवर्तन सुमारे २७८ दिवसांचे आहे आणि तो इतका दक्षिणेस आहे की, चेन्नईहून क्षितिजापासून जेमतेम चौदा अंश वर येतो. आधुनिक काळात भारतीयाच्या नावे नोंदला गेलेला हा पहिला खगोलीय शोध मानला जातो. शोधाचे श्रेय साहाय्यकाच्या नावे राहू दिले, हे पॉगसन यांच्याविषयीही सांगितले पाहिजे.

आचारींचे घराणे पंचांगकर्त्यांचे होते. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी ते वनपर्तीला पथक घेऊन गेले. १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाविषयी त्यांनी देशी भाषांत पुस्तिका काढली. 'दृग्गणित पंचांग' प्रसिद्ध करून जुन्या सारण्या प्रत्यक्ष वेधांनुसार सुधारण्याचा आग्रहही धरला. परंपरेवर निष्ठा असल्यामुळेच त्यांनी ती दुरुस्त करायला घेतली, असे माझे मत आहे. याच सुमारास महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे यांनी तेच कार्य आरंभिले आणि पुढे लोकमान्य टिळकांनी ते उचलून धरले. तामिळनाडूत वाक्य आणि तिरुक्कणित अशी दोन पंचांगे आजही चालतात. आपल्याकडेही एखाद्या वर्षी टिळक पंचांगाची दिवाळी वेगळी येते, तेव्हा घरोघरी त्याच वादाचा पडसाद उमटतो.

दुसरे नाव बंगालमधील. राधागोविंद चंद्र यांचा जन्म १८७८ मध्ये जेसोरजवळच्या बागचर गावी झाला. प्रवेश परीक्षेत ते तीनदा अनुत्तीर्ण झाले आणि सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याच्या नोकरीला लागले. १९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू त्यांनी लहानशा द्विनेत्रीतून पाहिला. दोन वर्षांनी पदरमोड करून इंग्लंडहून तीन इंची दुर्बीण मागविली. १९१८ च्या जूनमध्ये गरुड समूहात नवतारा उजळला. तो त्यांनी जेसोरहून स्वतंत्रपणे पाहिला आणि हार्वर्डला कळविले. तेथून १९११ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी रूपविकारी तारे निरीक्षक संघटनेशी त्यांचा संबंध जुळला. १९२६ मध्ये त्या संघटनेने सहा इंची दुर्बीण त्यांच्याकडे जेसोरला धाडली. परीक्षेत नापास झालेल्या या माणसाने तिकडे पाठविलेल्या नोंदींची संख्या ३७ हजारांहून अधिक आहे. रोज ठरल्या वेळी हजर राहणे म्हणजे काय, हे समोर बसलेल्या आपल्यासारख्यांना वेगळे सांगायला नको.

फाळणीत जेसोर पाकिस्तानात गेले. सत्तरीच्या उंबरठ्यावर राधागोविंदांनी आपले गाव सोडले आणि ते कोलकात्याजवळ बारासात येथे आले. निर्वासित झालेल्या या वृद्धाने १९५४ पर्यंत नोंदी थांबविल्या नाहीत. पुढे ती दुर्बीण डॉ. वेणू बापू यांच्याकडे सोपविण्यात आली व कालांतराने कवलूरच्या वेधशाळेत पोहोचली. १९७५ मध्ये राधागोविंद हलाखीत वारले. फ्रेंच शासनाने १९२८ मध्येच त्यांचा सन्मान केला होता. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांना चार ओळी मिळू नयेत, याची खंत वाटते.

हे काम आजही संपलेले नाही. यंत्रे आकाशाची छायाचित्रे घेत असली, तरी ठळक तारे त्यांना फार प्रखर ठरतात. तेथे हौशी निरीक्षकांच्या नोंदी अजून मोलाच्या आहेत. पुण्यात १९४४ मध्ये स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. तेथे तरुणांनी जावे. पद्धत साधी आहे. रूपविकारी ताऱ्याहून किंचित तेजस्वी आणि किंचित मंद असे दोन स्थिर तारे निवडायचे, आपला तारा कोणाच्या किती जवळ वाटतो हे ठरवायचे आणि वेळेसह लिहायचे. आधी काय लिहिले होते, ते पाहायचे नाही.

आरंभ अल्गोलपासून करावा. हिवाळ्यात तो संध्याकाळी चांगला वर असतो. सुमारे दहा तासांत तो दोनच्या प्रतीवरून साडेतीनच्या आसपास उतरतो आणि परत चढतो. दोन दिवस, वीस तास, एकोणपन्नास मिनिटांनी पुन्हा तेच. म्हणजे रात्री पाऊण वाजता तो अगदी मंद दिसला, तर तीन दिवसांनी साडेनऊच्या सुमारास गच्चीवर असावे.