दूध, फी आणि फ्लॅटचा हप्ता
(संघटनेच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरखर्चाच्या हिशेबावर बोल, असं मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, हा काय भाषणाचा विषय आहे! वही तर आपण सगळ्याच लिहितो. पण वही सोडून मी संगणकावर हिशेब लिहायला लागले, आणि तोही अमेरिकेतल्या कुटुंबांसाठी बनवलेल्या प्रोग्रॅमवर. त्यातून जे दिसलं ते वहीत वर्षानुवर्षं दिसलं नव्हतं, म्हणून उभी राहिले.

न्यू जर्सीत राहणाऱ्या भाच्याने २००२ साली ती सीडी आणली. तिकडे अशा प्रोग्रॅमची परंपरा जुनी आहे. 'क्विकन' हे त्यातलं गाजलेलं नाव. ते काढणारी इंट्यूट कंपनी स्कॉट कुक आणि टॉम प्रूल्क्स यांनी १९८३ मध्ये सुरू केली. कुकची पत्नी घरची बिलं भागवताना वैतागायची, त्यावरून ही कल्पना सुचली असं सांगतात. (वैताग तिचा, कंपनी त्याची. असो.)

प्रोग्रॅम उघडला आणि पहिल्याच पानावर अडले. घर चेकवर चालतं, हे त्याने धरूनच ठेवलेलं. पगाराच्या पानावर त्यांच्याकडच्या सोशल सिक्युरिटीची कपात. आपला प्रॉव्हिडंट फंड आणि व्यवसाय कर कुठे लिहायचा? वर्ष जानेवारीला सुरू. तारखेत आधी महिना, मग दिवस. ५ एप्रिलचं किराणा बिल मी ४ मे मध्ये घालून बसले आणि महिनाभर मेळ लागेना. लाखाचा स्वल्पविराम भलत्याच ठिकाणी. आहेर, ओटी, भाऊबीज यांना खातीच नाहीत. देवनागरी चालेना, म्हणून रोमन लिपीत मराठी नावं लिहून खाती उघडली. यात प्रोग्रॅमचा दोष नाही, तो आपल्यासाठी केलाच नव्हता. पण प्रत्येक खातं मला स्वतः उघडावं लागलं, आणि प्रत्येक वेळी विचार करावा लागला की हा पैसा नक्की कुणाचा आणि कुठे जातो.

भिशीचंच बघा. आम्ही बाराजणी, महिना पाचशे. तिसऱ्या महिन्यात माझा नंबर लागला, सहा हजार हातात आले. वहीत मी ते सरळ 'जमा' लिहायचे आणि खूश व्हायचे. इथे मात्र प्रत्येक रकमेला विचारतात, कुठून आली? तेव्हा कळलं की दीड हजार माझेच भरलेले होते आणि साडेचार हजार देणं आहे. वाण्याची उधारीही तशीच. महिनाअखेरीला पैसे दिले की खर्च, असं आपण समजतो, पण तेल-तूर घरात आली त्या दिवशीच देणं लागू झालेलं असतं.

आता खरी गोष्ट. आमच्या घरात दोन पगार. सोय म्हणून पहिल्यापासून वाटणी अशी पडलेली: माझ्या पगारातून किराणा, दूध, गॅस, मुलांच्या फिया, सासूबाईंची औषधं. नवऱ्याच्या पगारातून फ्लॅटचा हप्ता, विमा, पीपीएफ. भांडण कधी झालं नाही, दोघंही घरासाठीच खर्च करत होतो. २०१४ मध्ये कर्ज फिटलं. त्या आनंदात मी अकरा वर्षांचा गोषवारा छापून काढला. या प्रोग्रॅममध्ये एक तक्ता असतो, तुमच्या नावावर असलेल्या सगळ्या वस्तू उणे तुमची देणी. मी तो माणसागणिक वेगळा काढला. त्याच्या नावासमोर फ्लॅट, पीपीएफ, विमा. माझ्या नावासमोर बचत खातं आणि चार बांगड्या. घरात घातलेली रक्कम मात्र जवळजवळ सारखी होती. माझी खाऊन संपली होती, त्याची भिंती होऊन उभी होती.

कागद नवऱ्यापुढे ठेवला. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, "घर आपलंच आहे ना? कागदाला काय धरून बसतेस?" मी म्हटलं, "आपलंच आहे तर कागदावरही दोघांचं असू दे." त्यावर आठ दिवस अबोला. सासूबाई त्याच्याच बाजूने बोलतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या नावावर कधी काही नव्हतं." २०१६ मध्ये अर्धा हिस्सा बक्षीसपत्राने माझ्या नावावर झाला. महाराष्ट्रात २०१५ पासून राहतं घर नवरा, बायको किंवा मुलांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये आहे. अधिभार, नोंदणी वेगळी. पण दोनशेचं कळल्यावर पुष्कळांचा विरोध निम्मा होतो, हे मी पुढे इतर घरांतही पाहिलं.

सगळ्या घरांत आठ दिवसांच्या अबोल्यावर भागत नाही. आपल्या केंद्रावर येणाऱ्या बाया पोटगीच्या केससाठी पिशवीभर चिठ्ठ्या घेऊन येतात. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. त्यात खर्च लिहावे लागतात. घर सोडून निघालेल्या बाईला मुलाच्या शिकवणीला किती पडत होते ते आठवून सांगायला लावणं म्हणजे शिक्षाच. आणि स्त्रीधन! प्रतिभा राणी खटल्यात १९८५ सालीच न्यायालयाने म्हटलंय की ते बायकोचं स्वतःचं, सासरी ठेवायला दिलं म्हणून नवऱ्याचं होत नाही. पण मंगळसूत्र किती तोळ्यांचं, पाटल्या कुणी घातल्या, हे लिहिलेलं असतं कुणाकडे? मी सोन्याचं वेगळं खातं ठेवलंय: वजन, कुणी दिलं, कधी दिलं, आणि पावती असेल तिचा फोटो.

एक सावधगिरी. हिशेब संगणकावर गेला की पुष्कळ घरांत तो आपोआप नवऱ्याकडे किंवा मुलाकडे जातो, कारण 'तुला यातलं काय कळतं'. पासवर्ड त्यांचा, पैसे मागायला पुन्हा आपण. आणि कंपनी कायमची नसते. मायक्रोसॉफ्टने आपल्या 'मनी' प्रोग्रॅमची विक्री २००९ मध्ये थांबवली. म्हणून दर ३१ मार्चला मी सगळं कागदावर छापते आणि एक प्रत बहिणीकडे ठेवते. आता मी 'ग्नूकॅश' वापरते. ते फुकट आहे, रुपयात चालतं, वर्ष १ एप्रिलपासून धरता येतं.

जेवणानंतर मागच्या खोलीत संगणक लावलेला आहे. ज्यांनी वह्या आणल्या आहेत त्यांनी आधी या. भिशीवाल्या सगळ्या एकदमच बसा, तुमचं खातं एकदा समजलं की बाकीचं सोपं आहे.