नंबरामागचा माणूस

दोस्तांनो, वंशावळ काय फक्त देशमुख-पाटलांनाच असते? १८३४ पासून सुमारे साडेचार लाख माणसं करारावर मॉरिशसला नेली. मुंबई बंदरातूनही जहाजं भरली. पोर्ट लुईच्या घाटावर प्रत्येकाला नंबर ठोकला. नाव, बाप, वय, जात, गाव, जहाज, अंगावरची खूण, सगळं लिहिलं. कशासाठी? मजूर पळाला तर ओळखता यावा!

त्या वह्या आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटात आहेत. तिथली पोरं जुन्या जन्म-लग्नाच्या दाखल्यांवरून मागं जातात, पणज्याचा नंबर काढतात, नंबरावरून गाव गाठतात.

मी म्हणतो, जातीचा रकानाही वाचा, झाकू नका. वसाहतीच्या सरकारनं माणूस बांधायला केलेली वही आपण माणूस सोडवायला उघडायची!