दूध : दान नव्हे, हक्क
(चँडलर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



१९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक मूलभूत विचार मांडला. प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून तिचा भार बव्हंशी शासनाने उचलला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मातेला जे लागू, तेच तिच्या लेकरालाही लागू आहे. बालकाच्या पेल्यातील दूध हा कुणाच्या दयेचा नव्हे, राष्ट्राच्या कर्तव्याचा विषय आहे.

ऑक्टोबर १९७५ मध्ये भारतात ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. त्याच महिन्यात अमेरिकेत माता, अर्भके व बालके यांच्यासाठीच्या ‘विक’ योजनेला कायम स्वरूप मिळाले. तिकडे अंगणवाडीतून पूरक आहार मिळतो. इकडे गर्भवती, बाळंतिणी व पाच वर्षांखालील मुलांना पोषक अन्न मिळते. वर्षाचे झालेल्या बाळाला पूर्ण स्निग्धांशाचे व दोन वर्षांनंतर कमी स्निग्धांशाचे दूध त्यात असते. अ‍ॅरिझोनात राज्याच्या आरोग्य विभागामार्फत ही योजना चालते. मान्यताप्राप्त दुकानात कार्ड द्यावयाचे. पैसे शासन चुकते करते. उत्पन्नमर्यादा दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्के आहे. नागरिकत्वाची अट नाही.

स्थिरावलेल्या कुटुंबांना याची गरज नसेल. परंतु नोकरी गमावलेली किंवा तुटपुंज्या विद्यावेतनावर संसार चालविणारी कुटुंबेही समाजात असतात. ‘लोक काय म्हणतील?’ या संकोचाने ती मागे राहतात. ज्यांच्या ओंजळीत पाणीसुद्धा वरून ओतले गेले, त्यांच्या वंशजांना घेण्याची लाज वाटावी, हे समजण्यासारखे आहे. तथापि वरून ओतलेले दान आणि कायद्याने दिलेला हक्क यांतील भेद आपण ओळखलाच पाहिजे. आपल्या स्वाभिमानाची किंमत तान्ह्या बाळाने का मोजावी?

कुणाला स्थायी वास्तव्याच्या अर्जाची धास्ती वाटते. २०२२ च्या संघीय नियमात ‘विक’चा लाभ अर्जदाराच्या विरुद्ध धरलेला नाही. तरीही नियम बदलतात. म्हणून अफवेवर विसंबू नये, जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा.

माझी एकच विनंती आहे. नव्याने आलेल्या कुटुंबाला आपण घर, शाळा, वाहन यांची माहिती आवर्जून देतो. तितक्याच सहजतेने या योजनेचीही द्यावी. आणि गावाकडे जाल तेव्हा आपल्या वस्तीतील अंगणवाडीत अवश्य डोकावावे. तेथील आहार प्रत्येक मुलापर्यंत, सन्मानाने पोहोचतो की नाही, हे विचारण्याचा अधिकार आपणास आहे.

जयभीम!