हातपंप कुणाच्या वस्तीत?



स्वागताध्यक्षांनी आत्ता आपली, मराठी ख्रिस्ती समाजाची, वंशावळ वाचली. फादर स्टीफन्स, बाबा पदमनजी, रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई, मिरजेचे डॉ. वॉनलेस, जामखेडचे आरोळे. प्रत्येक नावाला टाळ्या पडल्या. माझं भांडण त्या टाळ्यांशी आहे. कारण यांतलं कुणी आज आपल्या मंडळीत असतं, तर आपल्या पंचकमिटीनं त्याला दुसऱ्यांदा निवडून दिलं नसतं. सभा उधळणारी, हिशेब विचारणारी, वरिष्ठांना उलट पत्रं लिहिणारी ही माणसं. मेल्यावर ती आपल्याला सोयीची झाली.

रमाबाईंचंच घ्या. आपल्या स्मरणिकांमध्ये त्या पांढऱ्या साडीत, खाली मान घालून, मुलींच्या घोळक्यात बसलेल्या असतात. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लगोलग बाप्तिस्म्याच्या धर्ममातेशी, सिस्टर जेराल्डीनशी, त्यांचा वाद जुंपला. बिशपांची आणि पाद्र्यांची सत्ता आपल्या सदसद्विवेकावर चालू द्यायला त्या तयार नव्हत्या. ही पत्रं छापलेली आहेत. आपल्या किती पाळकांनी ती वाचली आहेत, हे मी मंचावरून विचारत नाही. जेवणाच्या पंगतीत विचारीन.

पुढं 1897 साली पुण्यात प्लेग आला. सरकार ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचं, अधिकारी ख्रिस्ती, आणि प्लेगच्या इस्पितळात बायका-मुलींची जी आबाळ चालली होती तिच्यावर ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात जाहीर पत्र लिहिणारी बाईही ख्रिस्ती. तो मामला थेट विलायतेच्या पार्लमेंटात गेला आणि गव्हर्नराला खुलासा करावा लागला. राज्य आपल्या धर्माचं आहे म्हणून रमाबाईंनी जीभ आवरली नाही. आज राज्य आपल्या धर्माचं नाही म्हणून आपण जीभ आवरतो. सबब बदलली, गप्प बसणं तेच.

आता सेवेबद्दल. हा शब्द आपण इतका वापरला आहे की त्याचं नाणं गुळगुळीत झालं. नाताळात ब्लँकेटं वाटली, सेवा झाली. फोटो निघाला, साक्ष झाली. ब्लँकेट घेणाऱ्याचं पुढच्या नाताळात काय झालं, हे कुणी विचारत नाही, कारण पुढच्या नाताळातही तो तिथंच रांगेत उभा असतो आणि त्याचं तिथं असणं आपल्याला हवंच असतं. मी कठोर बोलतो आहे? तुमच्या मंडळीचे दहा वर्षांचे फोटो एकमेकांशेजारी लावून पाहा.

जामखेडला काय झालं ते जरा सावकाश सांगतो. रजनीकांत आणि मेबल आरोळे, दोघं वेल्लोरला शिकलेले डॉक्टर. 1960 साली लग्न करतानाच त्यांनी आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी घालवायचं ठरवलं होतं. 1970 साली ते जामखेडला आले. दुष्काळी मुलूख. लोकांनी सांगितलं, डॉक्टर, दवाखाना राहू द्या, आधी पाणी आणि अन्न. तिथं त्यांच्या जागी आपण असतो तर म्हणालो असतो, ते आमचं क्षेत्र नाही, आम्ही आरोग्यासाठी आलो आहोत. आरोळ्यांनी पाण्याचं काम हाती घेतलं. आणि विंधनविहिरी कुठं घ्यायच्या, हा प्रश्न आला तेव्हा डॉक्टरांनी पाणी शोधणाऱ्या तज्ज्ञाला सांगून ठेवलं: जागा दाखवायच्या त्या फक्त दलित वस्तीत.

ज्यांना गावाच्या विहिरीला हात लावायची बंदी होती, त्यांच्या दारात हातपंप बसला. दुष्काळ होता, तहान होती. वरच्या आळीतल्या बायकांना घागरी घेऊन त्या वस्तीत यावं लागलं. कुणी प्रवचन दिलं नाही, कुणाच्या अस्पृश्यतेच्या पापावर कुणी बोट ठेवलं नाही. पंपाचा दांडा ज्याच्या अंगणात, त्याच्याशी बोलल्याशिवाय पाणी मिळेना, एवढंच. पन्नास वर्षं मी रविवारची प्रवचनं ऐकतो आहे, यापेक्षा नेमकं प्रवचन मी ऐकलेलं नाही.

पुढचं आणखी अवघड. शिकलेली नर्स खेड्यात टिकेना. मग गावानंच निवडलेल्या बायका शिकवल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. त्या बाळंतपणं करू लागल्या, मुलांची वजनं घेऊ लागल्या, हगवणीत मीठ-साखरेचं पाणी पाजू लागल्या. सुरुवातीला हजार जन्मांमागे 176 अर्भकं दगावत होती. नव्वदच्या दशकात तो आकडा तिसाच्या आत आला. 1979 साली दोघांना मॅगसेसे मिळालं. पण डॉक्टरांनी आपल्या हातातली विद्या, म्हणजे आपला मान, निरक्षर बाईच्या हातात दिला, हे त्या पुरस्काराहून मोठं आहे. सेवेची माझी एकच कसोटी आहे: सेवा केल्यावर ज्याची केली त्याच्या हातात काय आलं, आणि करणाऱ्याच्या हातातून काय गेलं? काहीच गेलं नसेल, तर ती सेवा नव्हे, उत्सव होता.

इथं पुढच्या रांगेतले काही जण अस्वस्थ झाले आहेत. अध्यक्ष समाजकार्याबद्दलच बोलतात, प्रार्थना कुठं, विश्वास कुठं? बरोबर. मी प्रार्थनेच्या विरोधात नाही. प्रार्थनेला आडोसा करण्याच्या विरोधात आहे. 1905 साली रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जी आत्मिक जागृती झाली, तिचा दाखला आपली पेंटेकॉस्टल भावंडं नेहमी देतात. अवश्य द्या. पण त्याच आवारात विणकाम होतं, तेलाचा घाणा होता, शेती होती, आणि छापखाना होता. दुष्काळातून आणलेल्या मुली तिथं खिळे जुळवायला शिकल्या, आणि रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल त्यांनीच छापलं. रमाबाई 1922 साली गेल्या, बायबल 1924 साली बाहेर आलं. गुडघे टेकणारी बाई आणि खिळे जुळवणारी बाई एकच होती. आपण त्या दोघींची फारकत केली: आत्मिक मंडळी एकीकडे हात वर करतात, सामाजिक मंडळी दुसरीकडे प्रकल्प-अहवाल लिहितात, आणि दोघंही एकमेकांना अर्धवट म्हणतात. दोघांचंही खरं आहे.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला न्यायाचा दिवस तुम्हाला पाठ आहे. तिथं उपासनेच्या हजेरीबद्दल कुणालाच काही विचारलेलं नाही. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्यांनी भुकेल्याला जेवू घातलं त्यांनाही आश्चर्य वाटतं. आपण केव्हा केलं हे त्यांच्या लक्षातच नाही. आणि आपल्या सभागृहात पंख्याच्या पात्यावरसुद्धा देणगीदाराचं नाव आहे. वर बघा. आत्ताही ते तुमच्या डोक्यावर गरगर फिरतं आहे.

बाहेरच्यांचा आरोप मी टाळणार नाही. ते म्हणतात, तुमची सेवा म्हणजे गळाला लावलेलं आमिष. हा आरोप जुना आहे. 1893 साली रमाबाईंच्या शारदा सदन या मुलींच्या शाळेवर हाच आरोप झाला. रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. या आरोपाला आपण दोन प्रकारे घाबरतो. काही जण सेवाच बंद करतात, काही जण सेवा करताना ख्रिस्ताचं नाव खिशात ठेवतात. दोन्ही भ्याडपणा. रेव्हरंड टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, दोघांनाही जागा ठेवली. त्यांनी नाव लपवलं नाही आणि दारावर पहारेकरीही बसवला नाही. मिशनला ते रुचलं नाही. रुचलं असतं तर मला शंका आली असती.

आमिषाचा आरोप करणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: 1950 सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलितानं बाप्तिस्मा घेतला की त्याच्या अनुसूचित जातीच्या सवलती जातात. शिखांना त्या 1956 साली मिळाल्या, बौद्धांना 1990 साली. ख्रिस्ती दलिताला आजही नाहीत. घेणाऱ्यालाच भुर्दंड पडतो, असं कसलं हे आमिष? मात्र हा प्रश्न दिल्लीला विचारण्याआधी आपल्या घरात विचारू. सोयरीक जुळवताना ‘मूळचे कोण?’ हे आपण हळूच विचारतो की नाही? विचारतो. पाळकही विचारतात. हातपंप बसवायची पहिली जागा आपल्या बैठकीच्या खोलीत आहे.

आता साहित्याकडे येतो, कारण संमेलन साहित्याचं आहे. आपण काय लिहितो? भक्तिगीतं, गौरवग्रंथ, शतकमहोत्सवी स्मरणिका. ‘स्मृतिचित्रे’ आजही वाचली जाते, कारण लक्ष्मीबाईंनी टिळकांना सोडलं नाही आणि स्वतःलाही सोडलं नाही. नवऱ्याचा संताप, त्याचं न सांगता निघून जाणं, आपलं सोवळं कसं थराथरानं गळालं ते, सगळं हसत लिहिलं. आपल्यापैकी कुणी मिशन कंपाउंडची कादंबरी लिहिली आहे? जमिनीच्या फायली, कोर्टातल्या तारखा, बिशपपदाच्या निवडणुका, कुलूप लागलेला दवाखाना आणि त्या दवाखान्याच्या पायरीवर म्हातारी झालेली नर्स? हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर आहे. लिहिलं तर मंडळीची बदनामी होईल, असं आपण म्हणतो. संदेष्ट्यांनी इस्राएलची जेवढी बदनामी केली, तेवढी कुणीच केली नाही, आणि ती आपण पवित्र शास्त्र म्हणून वाचतो.

फादर दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आपल्याला फार अभिमान वाटला. एका धर्मगुरूच्या निवडीला तेव्हा बाहेरून विरोधही झाला. पण तो मान येण्याच्या कितीतरी आधी वसईच्या हिरव्या जमिनीसाठी ते बिल्डरांच्या आणि गुंडांच्या विरोधात उभे राहिले होते. तेव्हा धमक्या येत होत्या. अभिमान बाळगणारे तेव्हा किती होते, हे वसईकरांना माहीत आहे.

मी दोन ठराव सचिवांकडे दिले आहेत. पहिला: इथं प्रतिनिधित्व असलेल्या प्रत्येक मंडळीनं आपल्या दशांशाचा, देणग्यांचा आणि जमिनीचा वार्षिक हिशेब मराठीत, देवळाच्या दारावर लावावा. दुसरा: पुढच्या संमेलनात शाली-श्रीफळांचा खर्च रद्द करून त्या पैशांत एका खऱ्याखुऱ्या लेखकाला वर्षभर एका बंद पडलेल्या मिशन इस्पितळाचा इतिहास लिहायला पाठवावं, आणि त्याचं लिखाण कुणाही पदाधिकाऱ्यानं छापण्याआधी तपासू नये. कार्यकारिणीनं हे ठराव ‘विचारार्थ’ ठेवावेत असं मला सकाळी सुचवण्यात आलं. मी नाही म्हटलं. ज्यांचा विरोध आहे त्यांनी उघड हात वर करावा, नंतर चहाच्या टेबलावर बोलू नये. सचिव, पहिला ठराव वाचा.