रानातला एकांत आणि स्त्रीची लेखणी

आपल्या प्राचीन वाङ्मयातील स्त्री अरण्यात जाते ती बहुधा कोणाच्या मागोमाग, नाहीतर कोणी टाकल्यामुळे. सीता प्रथम पतीबरोबर गेली आणि पुढे पतीच्याच आज्ञेने तिला वनात सोडण्यात आले. दमयंती निद्रिस्त असतानाच नळ तिला रानात एकटी टाकून निघून गेला. मनन-चिंतनासाठी स्वेच्छेने वनाची वाट धरण्याची मुभा मुख्यतः पुरुषालाच होती. म्हणूनच स्त्रियांनी चार दिवस घरापासून दूर, रानाच्या सान्निध्यात राहून निसर्गाविषयी लिहावे, ही कल्पना पुष्कळांना निव्वळ हौस वाटते. पण अशा लेखनाचे मोल केवढे असू शकते, हे दिल्लीतच घडलेल्या एका ग्रंथावरून कळून येते.

दिल्ली म्हटली की राजवाडे, कबरी आणि कचेऱ्या डोळ्यांपुढे येतात. परंतु अरवली पर्वताचे उत्तर टोक या नगरीत थेट शिरले आहे. त्याला तेथे ‘रिज’ म्हणतात. पूर्वेकडे यमुनेची पुळण आहे, नैर्ऋत्येस नजफगडची सखल, पाणथळ भूमी आहे. हिवाळा आला की दूर उत्तरेकडून बदकांचे थवे या परिसरात उतरतात. १९५० मध्ये दिल्लीत पक्षिनिरीक्षकांचे एक मंडळ स्थापन झाले. उषा गांगुली या त्या वर्तुळातील एक जाणकार अभ्यासक. दिल्ली परिसरातील पक्ष्यांवरील त्यांचा इंग्रजी मार्गदर्शक ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. तो छापून आला तेव्हा बाई हयात नव्हत्या.

मराठी वाचकाला येथे दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९५६ मध्ये प्रकाशित झालेल्या त्या पुस्तकात बारा महिन्यांची बारा रूपे आहेत. एकीकडे ललितलेखन, दुसरीकडे शास्त्रीय नोंद. दोहोंची जात निराळी. तथापि दोहोंच्या मुळाशी एकच शिस्त आहे: त्याच परिसराकडे प्रत्येक ऋतूत पुन्हा नव्याने पाहावयाचे, आणि पाहिले तेवढेच लिहावयाचे.

या शिस्तीचे फळ उशिरा हाती येते. त्या काळी दिल्लीच्या आकाशात गिधाडे नित्याची होती. पुढे गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत जनावरांच्या मांसावाटे त्यांच्या पोटात जाऊ लागले आणि १९९० नंतर देशभर त्यांची संख्या झपाट्याने घसरली. गुरांसाठी त्या औषधाच्या उत्पादनावर २००६ मध्ये बंदी आली. नजफगडचे विस्तीर्ण तळेही पाणी काढून दिल्यामुळे आक्रसले. जे गेले ते किती होते, हे सांगावयास आज जुन्या टिपणांवाचून दुसरा साक्षीदार नाही. उलट, दिल्लीजवळचे सुलतानपूरचे तळे वाचले. पीटर जॅक्सन या पक्षिप्रेमी पत्रकाराने इंदिरा गांधींकडे त्याची रदबदली केली आणि १९७१ मध्ये तेथे अभयारण्य झाले. कोणी तरी तेथे जाऊन पाहत होते, म्हणूनच कोणाला तरी सांगता आले.

तेव्हा प्रश्न हौसेचा नाही. रानात जाऊन लिहिण्यास स्त्रीला दोन गोष्टी लागतात: घरकामातून मोकळा झालेला वेळ आणि पहाटे एकटीने निर्धास्त फिरण्याजोगी वाट. पैकी पहिली कुटुंबाने द्यावयाची असते, दुसरी नगराने. राजधानीत आजही या दोन्ही सर्वांना लाभत नाहीत. चार दिवसांच्या निवासाने ही उणीव भरून निघणार नाही. पण तेवढ्या अवधीत एखादी वही तरी सुरू होऊ शकेल. पहिल्या पानावर तारीख, जागा आणि दिसलेल्या एका पाखराचे नाव एवढे असले तरी आरंभापुरते पुरे आहे. त्या पाखराचा उद्या कोणी शोध घेऊ लागला, तर तो त्या पानाशीच येऊन थांबेल.