पाहणीआधी तज्ज्ञाला भेटा
(शिरूर व दौंड तालुक्यांतील शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



खडकवासल्याच्या व घोडच्या कालव्याखालील उसाच्या जमिनी कोठे, किती बिघडल्या याची पाहणी गावाने करावी, हे उत्तम. पण वही घेऊन निघण्याआधी राहुरी विद्यापीठाच्या सांख्यिकी तज्ज्ञाला भेटा.

डॉ. हॅरोल्ड मान व श्री. कानिटकर यांची शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुकची पाहणी १९२१ साली प्रसिद्ध झाली. तिथे एकच गाव होते. दोन तालुक्यांतले प्रत्येक शेत तपासणे झेपणार नाही. नमुना घ्यावाच लागेल. सडकेकडेची किंवा ओळखीच्यांची शेते घेतली, तर आकडे फसवे येतात. साताऱ्याच्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी पीक कापणी प्रयोगांत शेते चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडण्याची रीत रुजवली, ती यासाठीच.

चोपण जमिनीला जिप्सम लागते, नुसत्या खारवट जमिनीला निचऱ्याचे चर. पाहणी चुकली तर खर्च भलतीकडेच होतो.

तज्ज्ञाकडे जाताना एवढे न्या :

१. पाहणीवरून कोणता निर्णय घ्यायचा, ते एका वाक्यात.
२. गट नंबरांची यादी व गावनकाशा.
३. कालव्याखालची, विहिरीवरची व जिरायत जमीन किती, याचा अंदाज.
४. हाताशी माणसे, दिवस व पैसा किती.

किती शेते घ्यायची, कोणती व माती किती खोलीवरून, हे ते ठरवून देतील. आधी पाच-सहा शेतांवर तक्ता भरून पाहा.

पेरणीनंतर बियाणे बदलता येत नाही. पाहणीचेही तसेच आहे. सल्ला आधी घ्या.