जुन्या सायकलीचे सुटे भाग



जुनीं नाणीं, पोथ्या किंवा पितळेचीं भांडीं जमविणारे गृहस्थ आपल्या परिचयाचे असतील. परंतु सायकलीची फाटकी सीट किंवा गंजलेली घंटी मिळावी म्हणून कोणी गांवोगांव हिंडतो, असें मला पूर्वीं कोणीं सांगितलें असतें, तर मी हंसलों असतों. आज मी हंसत नाहीं.

मी जुन्नर तालुक्यांतील मढचा राहणारा. ओतूरहून माळशेज घाटाकडे जातांना आमचें गांव लागतें. माझ्या वडिलांनीं पुण्याहून एक जुनी रॅले सायकल घेतली होती. पुढें शिक्षक झाल्यावर मी तिच्यावरून शाळेंत जात असें. पायडलांचा आंस ज्या वाटीसारख्या भागांत फिरतो, त्याला कारागीर बीबी कप म्हणतात. तो झिजला, तेव्हां मीं बाजारांतून नवा आणविला. तो दोन फेरे गेला आणि अडला. कारागिरानें पान्ह्याला लोखंडी नळी अडकवून जोर केला व कप बसविला. आठवडाभरांत तो खिळखिळा झाला. त्याच सुमारास वडिलांची ब्रुक्सची चामडी सीट मीं भंगारांत दिली आणि फोमची मऊ सीट लावली. आपण मोठी सुधारणा केली, असें त्या वेळीं मला वाटलें होतें.

चूक कोठें झाली, हें पुष्कळ वर्षांनीं समजलें. सर्वसाधारण इंग्रजी बनावटीच्या कपाला एका इंचांत २४ आटे असतात. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्यानें आपल्या कपाला २६ आटे ठेविले होते. दोहोंचा व्यास जवळजवळ सारखाच. त्यामुळें पहिला आटा धरतो आणि माणूस फसतो. पुढें जोर केला कीं सांगाड्यांतले आटे कापले जातात.

पुण्यास कर्वेनगरांत श्री. विक्रम पेंडसे यांनीं जुन्या सायकलींचें संग्रहालय उभें केलें आहे. दुसऱ्या महायुद्धांत छत्रीधारी सैनिकांसाठीं बनविलेली बी. एस. ए. कंपनीची घडीची सायकल तेथें पाहावयास मिळते. एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यास हें संग्रहालय शोभून दिसतें. तेथें गेल्यावर मला कळलें कीं जुन्या सायकलीचें मोल सांगाड्याइतकेंच तिच्या लहानसहान भागांत असतें. रॅलेच्या पुढच्या नळीवरील बगळ्याच्या मस्तकाचा बिल्ला, बी. एस. ए.ची तीन बंदुकांची खूण, स्टर्मी-आर्चरच्या तीन गतींच्या हबवर ठोकलेले बनावटीच्या वर्षाचे आकडे, हीं त्या यंत्राचीं जन्मपत्रिकाच होत. हे भाग गेले, तर उरतें तें निनांवी लोखंड.

हा छंद केवळ आपल्याकडील नव्हे. अमेरिकेंत १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियांतील मुलें मोटारसायकलींच्या शर्यतींचें अनुकरण करीत २० इंची चाकांच्या सायकली मातींत पळवूं लागलीं. तोच बीएमएक्स हा खेळ. २००८ सालीं बीजिंगच्या ऑलिंपिकमध्यें त्याचा समावेश झाला. तीं मुलें आतां साठीच्या घरांत आलीं. लहानपणीं मोडून फेंकलेलीं हँडलें आणि चाकें तीं आज मोठ्या किंमतीस शोधीत आहेत. रॅले कंपनीनें १९८२ सालीं इंग्लंडांत बर्नर नांवाची तशी सायकल काढली, आणि अलीकडे तिची प्रतिकृति स्वतःच पुन्हा विक्रीस आणली.

येथें नकलेचा प्रश्न येतो. नक्कल म्हटली कीं आपण नाक मुरडतों. पण तें सर्वस्वीं न्याय्य नाहीं. रबर वाळतें, चामडें तडकतें, टायर विरतो. नवे भाग कोणी बनविलेच नाहींत, तर जुनी सायकल भिंतीवर टांगून ठेवण्यापलीकडे उपाय नाहीं. आपल्या देशांत दांडीच्या ब्रेकची, २८ इंची चाकांची सायकल इंग्रजी नमुन्यावरच दीर्घकाळ बनत राहिली. म्हणून तिचे टायर आपल्याकडे इंग्लंडपेक्षां सुलभतेनें मिळत आले. जीर्णोद्धारांत देवळाला नवा चिरा बसवितात, त्यांत कोणी पाप मानीत नाहीं. मात्र त्या चिऱ्यावर हजार वर्षांपूर्वींचा लेख कोरला, तर ती लबाडी होय. नव्या बिल्ल्यास आम्लानें काळा करून जुना म्हणून विकणें, हबवर मागील साल ठोकणें, हें त्याच जातीचें कृत्य आहे. त्यानें एकच गिऱ्हाईक ठकतें असें नाहीं. पुढें खऱ्या वस्तूवरही कोणाचा विश्वास बसत नाहीं.

म्हणून माझी विनंति तीन गोष्टींची. नवा भाग बसवाल, तर त्याच्या आंतल्या अंगावर बसविल्याचें वर्ष कोरून ठेवा. काढलेला जुना भाग, मोडका असला तरी, नांवाची चिठ्ठी बांधून जपा. पुढील कारागिरास तोच नमुना होईल. आणि माळ्यावर पूर्वीं सायकलीच्या कराबद्दल मिळत असलेला पत्र्याचा बिल्ला सांपडला, तर टाकूं नका. त्याचें मोल कवडीचें असेल, पण त्यावर गांव आणि साल असतें.

गेल्या वर्षीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मोठ्या प्रयासानें रॅलेचा अस्सल कप मिळवून मला आणून दिला. मीं तो सांगाड्याला लावून पाहिला. तो नुसताच आंत सरकला. धरावयास आटेच शिल्लक नव्हते. वस्तु अस्सल होती, पण ती बसण्याची जागा मींच नाहींशी केली होती. तो कप आतां माझ्या मेजावर असतो. आपल्या घरीं एखादी जुनी सायकल उभी असेल, तर तिला पान्हा लावण्यापूर्वीं कृपा करून तिचे आटे मोजा.